बहात्तरची फीत

१९ मार्च २०१३, मंगळवार

पट्टी नाही.

पेटी पालथी केली. कोट आहे, टोपी आहे. दोन चांदण्या आणि चार रुपये फडक्यात बांधलेले जिथल्या तिथं आहेत. (फौजीच्या, म्हणजे आमच्या गेलेल्या मालकाच्या, मेडलांना मी असंच म्हणते, टोकदार त्या चांदण्या, गोल ते रुपये.) छातीवरची फितींची पट्टी तेवढी नाही. चार बोटं लांब, सहा फिती, मागं पितळी पिना. तिला काय पाय फुटले?

दिलीपला विचारलं. लेक माझा पन्नाशीला आला तरी खोटं बोलायच्या आधी कान खाजवतो. खाजवला. म्हटलं, बोल आता.

"चेअरमनसाहेबाला दिली, माय. नुसतं बघायला मागितलती."

"कधी?"

"संक्रांतीला."

संक्रांतीपासून बघतोय! सहा फिती बघायला दोन महिने? मी तर मेल्या नवऱ्याला बी इतकं निरखून पाहिलं नव्हतं.

मंगल, लिही, आज सुभद्राबाई जेवली नाही.

(जेवल्या. दीड भाकरी. – मंगल)

सुनेला लिहायला बसवलं की हे असं. अंगणवाडीत पोरांच्या नावापुढं खुणा करून करून तिला खरं लिहायची खोड लागलीय.

२१ मार्च

दिलीपला धाडलं होतं. हात हलवत आला. "साहेब बीडला गेलते."

साहेब म्हणजे दत्तू. आमच्या सेवा सोसायटीचा चेअरमन. मी त्याला नुसत्या कुंचीत, बिनचड्डीचा पाहिलाय, मला साहेब म्हणता येत नाही, जीभ वळत नाही. यंदा विहिरीत बेडूक सुद्धा राहिला नाही, म्हणून सोसायटीनं माळावर चारा छावणी उघडलीय. दिलीप तिथं चारा वाटायला. आमची कपिला आणि तिची कालवड बी तिथंच. म्हणजे घरातले तिघं दत्तूच्या दावणीला.

मं. म्हणते, हे नका लिहायला लावू, वही कुणाच्या हाती लागली तर? म्हटलं, लागू दे. मला वाचता येत नाही, मी कावून भिऊ?

टँकर आला नाही. भांडी रांगेत, माणसं सावलीत.

२४ मार्च

स्वतः गेले. काठी घेऊन, धुवट लुगडं नेसून. सोसायटीच्या हापिसात पंखा एकच, तो बी एकाच खुर्चीवर वारा टाकतो.

"या या मावशी. चहा सांगू?"

"चहा नगं. पट्टी दे."

"हाय की. जपून हाय."

"कुठं?"

मग उलगडलं. आबारावाचा पुतळा होतोय. आबाराव म्हणजे दत्तूचा बाप, आमच्या फौजीचा दोस्त. छातीपर्यंतचा, फौजी डगल्यातला पुतळा, सोसायटीच्या दारात. मे महिन्याच्या एक तारखेला पडदा उघडायचा. मोठे पाहुणे येणार. डगल्यावर फिती कशा लावायच्या ते मूर्तीवाल्याला कळावं, म्हणून आमची पट्टी युसूफ वडगावला नेलीय. नमुन्याला.

मी मुद्दाम विचारलं, "आबांची सोताची पट्टी कुठं गेली रे?"

"सापडत न्हाई, मावशी. नव्या घरात आलो तवा गहाळ झाली असंल."

नव्या घरात आलो तवा. बरं. ती कुठं गेली ते मला ठाऊक आहे. आज सांगत नाही. रागात मी पुढचं मागं सांगते.

२५ मार्च

सांगते.

माझ्याकडं बिस्किटाचा पत्र्याचा डबा आहे. त्यात फौजींच्या छातीवरच्या पट्ट्या. अठरा. काही अख्ख्या, काहींच्या फिती लोंबलेल्या, एकीची नुसती पिन. आमच्याच गावच्या नाहीत, सिरसाळ्यापर्यंतच्या आहेत. लिंबाचा पाला घालून ठेवते.

सुरुवात आबारावापासून झाली. तो गेला त्याला महिना झाला नसंल. भांडेवाली लिंबाखाली गाठोडं सोडून बसलेली. जुने कपडे घ्यायचे, स्टीलचं भांडं द्यायचं. गाठोड्यात सगळ्यांत वर आबारावाचा खाकी सदरा, पट्टीसकट. दत्तूच्या बायकोनं कळशीसाठी दिलेला. तिला काय ठाऊक? तिच्या लेखी जुनं कापड.

आमच्या फौजीनं पाहिलं आणि तिथंच धुळीत बसला. "माणूस इकला," इतकंच बोलला. मी घरातलं नवंकोरं पातेलं नेऊन दिलं आणि पट्टी सोडवली. सदरा तिचा तिला.

लगेच गोदाक्काला, आबारावाच्या बायकोला, द्यायला निघाले होते. फौजी म्हणाला, नगं. सासू-सुनंत कायमचं फाटंल. ठिव तुझ्याजवळ.

ठेवली. आणि नाद लागला. भांडेवाली गावात आली की पहिली मी. बाया साड्या बघायच्या, मी सदरे चाचपायची. फौजी असेपर्यंत तो मला शिकवायचा. ही भगवी, मधी तीन रेघा, ही पासष्टची. ही एकाहत्तरची. ही नऊ वरसं नीट वागला म्हणून. ही आधी, ती नंतर, उलटं लावलं तर गाढवावर बसवतील. मला अ कळत नाही, पण माणसाची छाती वाचता येते. कुठं गेला होता, किती वरसं, काय सोसलं, सगळं.

आबारावाच्या पट्टीवर फीत एक. एकच. तीन वरसं डेपोच्या कोठारावर होता, मग छातीच्या दुखण्यानं घरी धाडला. लपवायचा नाही. चावडीवर हसत सांगायचा, "दुसऱ्यांनी गोळ्या झाडल्या, मी डाळीची पोती रचली. पन डाळ बिगर कोन लढतंय?" सरळ माणूस.

३ एप्रिल

मं.ची अंगणवाडीची मिटिंग युसूफ वडगावला. तिच्यासंगं गेले. ती मिटिंगला, मी मूर्तीवाल्याच्या शेडात.

गणपती करणारा माणूस. मागच्या सालचे दोन गणपती उरलेले, त्या दोघांच्या मधी आबाराव. नाक हुबेहूब. मिशी जरा जास्त झालीय, पण मेल्यावर वाढू द्यावी एखाद्याची.

मग नजर खाली गेली. छातीवर सहा फिती. आमच्या. एकेक रेघ तशीच. आणि तिसरी फीत तांबडी, तिच्यात पिवळी रुईफुलं.

मला हसू फुटलं. इतकं, की तो पाणी घेऊन धावला.

"आजी, हासता कावून?"

"ही तिसरी काय रे?"

"नमुन्यात व्हती तशी केली. ह्या फुलांनी डोळे गेले माझे. दोन केसांच्या ब्रशनं काढल्यात. कंच्या लढाईची हाय ती?"

"बहात्तरची."

"बहात्तरला कुठं लढाई झाली?"

"झाली. तू पाळण्यात बी नव्हतास."

मग विचारलं, आमची पट्टी दे. तर म्हणतो, ती शिवरात्रीच्या आधीच चेअरमनसाहेबांच्या हातात दिली.

शिवरात्रीच्या आधी! आणि दत्तू चोवीस तारखेला माझ्या तोंडावर म्हणतो, युसूफ वडगावला आहे. हसू तिथंच आटलं. एसटीत मं.शी एक शब्द बोलले नाही. ती म्हणते, आत्याबाई गप बसल्या की मला ताप येतो.

४ एप्रिल

तिसरी फीत. मं.ला बी नीट माहीत नव्हती.

बहात्तर साल. प्यायला पाणी नाही, खायला सुकडी. आम्ही बाया रस्त्याच्या कामावर खडी फोडायला. दिलीप बांधावर झोळीत नाही, मोठा होता, दगडाच्या ढिगावर बसून रडायचा. फौजी पलटणीत. त्याची एक पट्टी घरी, पेटीत. दाणा नव्हता तर उंदरांनी काय खावं? तिसरी फीत खाल्ली. नेमकी तीच.

सुट्टीवर येणार म्हणून चिठ्ठी आली. लग्नातलं हिरवं लुगडं होतं, त्याचा तांबडा काठ, पिवळ्या रुईफुलांचा. कापला बोटभर. त्याच मापाचा. टाके असे घातले की सोनारानं बघावं.

आला, बघितलं. तीच पट्टी लावून परत गेला, येडा. तिकडं सुभेदारानं पकडलं. "ये कौन सी लढाई है?" हा ताठ उभा. "साब, बहात्तर की. घरवाली ने लढी."

डोक्यावर बंदूक धरून मैदानाला चकरा. किती, ते कधी सांगितलं नाही. वर नवी फीत मिळाली ती पलटणीच्या पट्टीवर लावली. आणि ही घरची तशीच ठेवली. पेन्शनीत आल्यावर सव्वीस जानेवारीला हीच लावायचा. लोक विचारायचे, तर माझ्याकडं बोट करायचा.

ती आता आबारावाच्या छातीवर. आबाराव बहात्तरला खडी फोडायला आला नव्हता. मी फोडली.

६ एप्रिल

चेअरमनच्या हापिसात पुन्हा. आज चहा विचारला नाही.

"दत्तू, पट्टी तुझ्याजवळ हाय. शिवरातीपासून."

"मावशी, कार्यक्रम होऊ द्या. कुणी विचारलं तर दाखवायला असू द्या."

"म्हंजे आमची पट्टी तुझ्या बापाची म्हनून दाखवनार?"

"आबा फौजी व्हते का न्हाई?"

"व्हते. एका फितीचे."

"आता एक आन् सहा. फौजी तो फौजी. लोकांना काय कळतंय त्यातलं?"

"मला कळतंय."

तेव्हा हसला. हापिसात चार माणसं होती, त्यांच्याकडं बघून हसला. "मावशी, तुमाला सही येत न्हाई. अंगठा लावता. आन् तुमी फिती वाचनार?"

चौघं हसले. एक तर आमच्याच आळीचा.

अंगठा. होय, अंगठा लावते. तोच अंगठा बहात्तरला हातोड्याखाली सापडला होता, नख अजून वाकडं आहे.

निघताना दत्तू गोड आवाजात, "कपिला बरी हाय ना मावशी? छावनीत काय कमी न्हाई ना?"

बरी आहे म्हटलं. समजायचं ते समजले.

७ एप्रिल

दिलीप घरात भांडला. "माय, चार बोटाच्या चिंधीपायी गाय बाहेर काढशील का? कडबा कुठनं आनू?"

चिंधी म्हणाला.

मी तोंड उघडायच्या आत मं. बोलली. तिनं ताट त्याच्यापुढं असं आदळलं की आमटी भिंतीला.

(आदळलं नाही. ठेवलं. – मंगल)

९ एप्रिल

कपिलेला छावणीच्या पार टोकाला हलवलं. उसाचं वाढं सगळ्यांत शेवटी, तेव्हा नुसते बुडखे उरतात. वाटणारा दिलीपच. स्वतःच्या गाईला बुडखे टाकून आला आणि पाठ करून झोपला. मला त्याचा राग यावा का कीव, कळत नाही. दोन्ही मिळून काही तरी आलं.

१४ एप्रिल, रविवार

जयंती. दर साली फौजीचा कोट फोटोखाली खुर्चीवर ठेवते, पट्टी लावून, शेजारी चांदण्या-रुपये. वस्तीतली पोरं सलाम ठोकून जातात. यंदा कोटाची छाती मोकळी. पिनांची दोन भोकं. चाळीस वरसांच्या पिना, भोकं मोठी झालीत.

लिंबाजी तात्या आले. निवृत्त हवालदार, तीन फितींचे, सगळ्या खऱ्या. कोट बघितला, मला बघितलं.

"वैनी, पाऊस पडंपर्यंत दम धरा. छावनी हाय तवर."

"तात्या, तुमी एकाहत्तरला खंदकात व्हता ना?"

"व्हतो की."

"तिथं बी पावसाची वाट बघितलीत का?"

उठून गेले. वाईट वाटलं नंतर. त्यांच्या बी दोन म्हशी छावणीत आहेत. पण आधी राग आला, तो आधी लिही.

निळे झेंडे चांगले लागलेत. वारा नाही, तरी.

१७ एप्रिल

डबा उघडून बसले. आबारावाची पट्टी वर काढली. एक फीत, कडेला जरा विटलेली, बाकी चांगली. हिचं काय चुकलं? एकटी आहे म्हणून?

आत्तापर्यंत मी फक्त आमच्याच पट्टीसाठी भांडत होते. आज ध्यानात आलं, दत्तूनं दोघांना लुटलंय. आमच्याची छाती रिकामी केली, आणि मेलेल्या आबारावाला खोटं बोलायला लावलं. जो जिवंतपणी कधी बोलला नाही.

फौजी म्हणाला होता सासू-सुनंत फाटंल. पंधरा वरसं त्याचं ऐकलं. आता नाही ऐकत. रागवायचं तर येऊन रागवावं.

१८ एप्रिल

गोदाक्काकडं. सिमेंटचं मोठं घर, ती मागच्या खोलीत. डोळे गेलेत, नुसता उजेड-अंधार कळतो. काठीच्या आवाजावरून ओळखलं.

"फौजीन का गं? अजून जित्ती हायस?"

"तुमच्या आधी न्हाई जानार अक्का, रांगेत हाय."

चहा आला, घरच्याच कपात. ही रीत आबारावानं घातली होती. पलटणीतून आला आणि पहिल्याच दिवशी फौजीला ओसरीवर बसवून आपल्या कपात चहा दिला. गाव महिनाभर बोललं.

सून गेल्यावर अक्काचा हात घेतला, तळव्यावर पट्टी ठेवली. तिनं अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. पिन चाचपली. पिनेचं टोक जरा वाकडं आहे.

"हे टोक म्या वाकवलंय," म्हणाली. "त्यांच्या छातीला टोचायचं."

पट्टी मुठीत मिटली.

"म्या त्यांच्यासंगं जाळायला सदरा दिलता. लेका-सुनंनं सांगितलं, दिला जाळून." थांबली. "तुला कुठं घावली?"

"भांडेवालीकडं."

"कुनी दिलता?"

"मला काय म्हाईत अक्का."

"सुनंनं?"

मी कप बशीत ठेवला. तिला तेवढं पुरलं.

मग पुतळ्याचं सांगितलं. सहा फितींचं. तिसरीचं बी. तिला हसू आलं, मला बी, दोघी म्हाताऱ्या तोंडाला पदर लावून. मग ती एकदम थांबली. "त्यांना सहा लावल्या? गं, ते लाजंनं मेले असते. एका फितीला सुद्धा म्हनायचे, ही बी डाळीची हाय."

पट्टी परत मागितली नाही मी. तिची आहे. तिनं कमरेच्या चंचीत टाकली, सुपारीशेजारी.

२२ एप्रिल

दत्तूची जीप दारात. वस्ती गोळा. आमच्या दारात जीप फक्त मतांच्या वेळी येते.

"मावशी, आईच्या कानात काय वतलं? चार दिस झाले सुनंशी बोलंना."

"म्या फक्त तिची वस्तू तिला दिली."

"पुतळा तयार हाय. पत्रिका वाटल्यात. आता काय छाती खरडू?"

"खरड. सहा काढ, एक लाव. जी हाय ती. आन् आमची घरी आन."

तो ओट्यावर बसला. आवाज खाली आणला, माझ्याजवळच्या पट्ट्यांच्या डब्याकडं बघून. कुणी तरी सांगितलं असणार. "हे बघा, आपन एक काम करू. हा डबा सोसायटीला द्या. काचंचं कपाट करतो. सगळ्या पट्ट्या तिथं. वर पाटी, कै. आबाराव यांचा संग्रह. तुमचं बी नाव खाली टाकू. बारीक."

बारीक!

गाठोडी मी चाचपायची, पातेली मी द्यायची, फिती मी शिवायच्या, आणि संग्रह आबारावाचा. सतरा माणसं डब्यात आहेत माझ्या. एकेकाचं नाव मला पाठ आहे. ही हातोल्याच्या गुणाजीची. ही सिरसाळ्याच्या रहिमानभाईची, त्याच्या नातीनं स्वतः आणून दिली, म्हणाली, आजी तुमच्याकडं राहील. एक पट्टी दिलीपनं 'नुसतं बघायला' दिली, तिचं काय झालं ते बघतेय. सतरा देऊ?

म्हटलं, "दत्तू, तुझा बाप ह्याच ओट्यावर बसायचा. त्यो कधी रिकाम्या हातानं काय मागायला आला न्हाई. उठ."

उठला. लोकांसमोर उठला, हे बरं नाही झालं. मला माहीत आहे. तरी.

२३ एप्रिल

छावणीतून निरोप. कानात पिवळा बिल्ला असलेली जनावरं तपासणार, ज्यांचे कागद अपुरे ती बाहेर. आमच्या कपिला-कालवडीचे कागद काल पुरे होते.

२४ एप्रिल

दिलीप सकाळीच गेला आणि दुपारी कपिला-कालवड घेऊन आला. काढायच्या आधी यानंच सोडल्या. दावं हातात, घामानं भिजलेला.

"त्यांनी काढलं म्हनन्यापरीस म्या आनल्या म्हन, माय."

कान खाजवला नाही.

मं.चा भाऊ चौसाळ्याला. त्याच्याकडं थोडा कडबा आहे, बोअरला घोटभर पाणी. उद्या टेम्पोनं दोघींना तिकडं. दिलीपचं काम गेलं. संध्याकाळी मला म्हणतो, "माय, ती रुईफुलाची गोष्ट पुन्यांदा सांग. म्या ढिगावर बसून रडायचो ती."

सांगितली.

२५ एप्रिल

कपिला गेली. टेम्पोत चढेना. माझ्याकडं वळून बघत होती, मी आत निघून आले. रिकामा खुंटा.

आज पट्टीपेक्षा गाईचं जास्त लागलं, हे बी लिही. खोटं नको.

१ मे, बुधवार

लिही मंगल, जसं झालं तसं.

मांडव सोसायटीच्या दारात. पुतळा पिवळ्या कापडात, कापडाला लाल दोरी. पाहुणे दोन तास उशिरा. दुष्काळावर बोलले, बाटलीतलं पाणी पीत. पहिल्या रांगेत दत्तू, त्याच्या हातात काचेची चपटी डबी. डबीत आमची पट्टी. उन्हात चमकत होती. मी मागं, बायांत. वीस पावलांवरून मला सहाच्या सहा दिसत होत्या.

दोरी ओढायचा मान गोदाक्काचा. दोघांनी धरून आणली. हातात दोरी दिली. कॅमेरे. टाळ्या सुरू बी झाल्या.

अक्कानं दोरी धरली आणि ओढलीच नाही.

दत्तू वाकून, "आई, वढ."

ती माईकजवळच होती, सगळ्यांना ऐकू गेलं. "फौजीनीची पट्टी दिलीस का?"

"आई, नंतर."

"मग म्या बी नंतर."

आणि खुर्ची मागवून बसली. दोरी हातात. अशी घट्ट, की सोडवायची तर बोटं मोडावी लागली असती. आणि पाहुण्यांच्या देखत आईची बोटं कोण मोडणार?

कुणी हसलं. कुणी दबक्या आवाजात विचारलं, काय झालं? मागून लिंबाजी तात्या उभे राहिले. मला वाटलं निघाले. तर तिथंच ताठ, हात कपाळाला, काचेच्या डबीतल्या आमच्या पट्टीकडं तोंड करून. त्यांच्या म्हशी अजून छावणीत आहेत.

पाहुण्यांना पुढं कार्यक्रम होता. नारळ फोडला, गेले. पुतळा कापडातच.

पण मी उठले नाही, ओरडले नाही. मी ओरडणार म्हणून दत्तूनं दोन माणसं माझ्या शेजारी उभी केली होती. बिचारी उगीच उन्हात तापली.

२ मे

कुणी आलं नाही. पट्टी आली नाही.

गोदाक्का घरी नेली तेव्हा दोरी कापून घेऊन गेली म्हणे. उशाला ठेवलीय.

४ मे

मूर्तीवाला आला. सायकलवर, उन्हाचा. दत्तूनं धाडलाय, पण खालच्या मानेनं.

"आजी, छाती बदलायची म्हनत्यात. सहाच्या जागी एकच फीत करायची. पन रंग कंचा, रेघा कशा, कुनालाच म्हाईत न्हाई. तुमी ती पट्टी द्या. नुसतं बघायला."

नुसतं बघायला.

दिलीप आतून बाहेर आला. मी त्याला हातानं थांबवलं.

"माझ्याजवळ न्हाई रे बाबा. चेअरमनच्या आईजवळ हाय. चंचीत, सुपारीशेजारी. त्याला म्हनावं, आईकडं माग."

"ते मागंनात. म्हनून तर मला..."

"आन् ती देताना काय इचारंल, ते ठाऊक हाय ना त्याला?"

मान डोलावली. पाणी प्याला. जाताना चोरट्यासारखं म्हणाला, "आजी, त्या रुईफुलांवर ब्रश फिरवायला हात उचलंना. माझं सगळ्यांत चांगलं काम हाय ते."

माझं बी, म्हटलं.

५ मे

सकाळपासून दोनदा जीपचा आवाज आला. दोन्ही वेळा रस्त्यानं पुढं गेली. तिसऱ्यांदा वळणावर थांबली, जरा वेळ तशीच, इंजिन चालू. मग गेली. मं. खिडकीतून बघून सांगते, मी नाही उठत.

कपिला चौसाळ्याला खातेय म्हणे. फोन होता.

कोट अजून बाहेरच खुर्चीवर आहे, जयंतीपासून. मं. म्हणते, आत्याबाई, धूळ लई बसतीय, घडी घालून पेटीत ठेवू?

राहू दे म्हटलं. तोंड रस्त्याकडं कर त्याचं. भोकं दिसली पाहिजेत.